भाव ठरवायचा? आपल्याच मैदानावर!

2003 मध्ये निक नीव्ह आणि सँडी वुल्फसन या इंग्लंडमधल्या संशोधकांनी फुटबॉलपटूंची लाळ तपासली. घरच्या मैदानावरच्या सामन्याआधी टेस्टोस्टेरॉन जास्त होतं. समोर कट्टर प्रतिस्पर्धी असला तर आणखी जास्त. आपली जागा राखायची ही भावना शरीरातही उतरते.

हे झालं खेळाडूंचं. धंद्यात मी काय बघतो? मोठ्या खरेदीदाराच्या केबिनमध्ये बसलो की छातीत धडधडतं आणि त्याने मागायच्या आधीच आपण भाव उतरवतो. नफा तिथेच जातो. म्हणून माझं स्पष्ट मत: पहिली बोलणी आपल्या वर्कशॉपमध्ये करा. चहा पाजा, माल हातात द्या, मग भाव सांगा. जावंच लागलं, तर शेवटचा भाव घरूनच लिहून न्या. त्याखाली उतरायचं नाही!