पराभूताच्या दारी सोने

आज विजयादशमी. शमीपूजन व सीमोल्लंघन करून सायंकाळी आपण एकमेकांस आपट्याचे सोने देऊ. हा दिवस विजयाचा खरा. परंतु विजयाचा आनंद कोठे संपतो आणि दुसऱ्याच्या पतनाचा आनंद कोठे सुरू होतो, याचा विचार आजच करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

काही वर्षांपूर्वी मुरबाड तालुक्यातील एका गावी आम्ही कीर्तनास गेलो होतो. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचा निकाल त्याच दिवशी लागला होता. गुलालाने माखलेली मिरवणूक देवळाकडे येण्याआधी पराभूत उमेदवाराच्या दारात थांबली आणि बराच वेळ तेथे ताशे वाजत राहिले. हरलेला गृहस्थ जिंकलेल्याचा सख्खा चुलतभाऊ होता. घरातला दिवा मालवलेला होता. उत्तररंगासाठी योजिलेले आख्यान बाजूस ठेवून आम्ही त्या रात्री गदायुद्ध लावले. पडलेल्या दुर्योधनाच्या मस्तकावर भीमाने पाय ठेवला, तेव्हा त्याला आवरले ते युधिष्ठिराने. शत्रू असला तरी तो आपल्याच कुळातला, हे धर्मराज विसरला नाही. रावणाचे अंत्यसंस्कार करण्यास बिभीषणाला सांगणारेही प्रभू रामचंद्रच होते.

हीच शिकवण ज्यूंच्या धर्मग्रंथातही आहे. बायबलाच्या जुन्या करारात ओबद्या नामक संदेष्ट्याचे अवघ्या २१ वचनांचे, सर्वांत लहान पुस्तक आहे. एसाव व याकोब हे जुळे भाऊ. एसावाचे वंशज अदोमी, तर यहूदातील लोक याकोबाचे. म्हणजे तीही भाऊबंदकीच! बाबिलोनच्या सैन्याने ख्रिस्तपूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम उद्ध्वस्त केले, तेव्हा उंच कड्यांत निर्भय बसलेले अदोमी भावाच्या संकटाने हर्षले, लुटीत सामील झाले, पळणाऱ्यांच्या वाटा त्यांनी अडविल्या. जे केलेस तेच तुझ्या माथी येईल, असे संदेष्ट्याने त्यांना बजावले. ख्रिस्तपूर्व ३१२ पर्यंत अदोमचा तो डोंगराळ प्रदेश नबाती लोकांच्या हाती गेलेला होता.

ही गोष्ट दूरदेशीची वाटत असेल, तर शहापूरनजीकच्या माहुली किल्ल्याकडे पाहावे. १६३६ साली मोगल आणि विजापूरकर यांच्या फौजांनी मिळून हा किल्ला वेढला. बाल निजामशहाला घेऊन झुंजणाऱ्या शहाजीराजांना शरण यावे लागले आणि निजामशाही बुडाली. शेजाऱ्याचे घर मोडले, वाटा पदरात पडला. विजापूर संतुष्ट झाले. परंतु मोगल आणि आपण यांमधला आडोसाच आपण पाडला, याचे भान त्या आनंदात राहिले नाही. पुढे बरोबर ५० वर्षांनी, १६८६ साली, औरंगजेबाने आदिलशाही बुडविली.

दुसऱ्याच्या पतनाचा हर्ष मनुष्यास आंधळा करतो, तो असा. जो घाव शेजाऱ्यावर पडला, तो आपल्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली, हे त्याला दिसत नाही. ओबद्याचे वचन वाचून अदोमाच्या नाशाने जो सुखावेल, तोही त्या घटकेपुरता अदोमीच ठरेल, हे विसरू नये.

अन्यायाचा पराजय व्हावा, त्यासाठी झुंजावे, जय मिळाल्यास देवापुढे दिवा लावावा. यात पाप नाही. मात्र पडलेल्याच्या दारात ताशा वाजवू नये. शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षे अबोला धरलेली, दाव्यात वा निवडणुकीत हरलेली घरे शहापूर-मुरबाडच्या गावोगाव आहेत. आज देवाला सोने वाहिल्यावर पहिले पान त्या दारी न्यावे. तो बांध ओलांडणे हेही सीमोल्लंघनच होय, आणि ते घडविण्याची बुद्धी श्रीरामचंद्राने सर्वांस द्यावी, हीच आमची आजची प्रार्थना.