बंद यंत्रातसुद्धा हात घालू नये

मंडळी, आजचा विषय वाचून सांगली-मिरजेकडच्या आमच्या नातेवाइकांना हसू येईल. आपल्याकडे बर्फ म्हणजे उसाच्या रसातला, नाहीतर काडीवरच्या गोळ्याचा. पण ज्यांची मुलं अमेरिकेत-कॅनडात राहतात त्यांनी तरी हा लेख शेवटपर्यंत वाचावा अशी विनंती. विषय आहे बर्फ उडवणाऱ्या यंत्राचा. तिकडे त्याला स्नो-ब्लोअर किंवा स्नो-थ्रोअर म्हणतात. माझं म्हणणं थोडक्यात असं, की हे यंत्र घरात आलं की ते चालवायला शिकण्याआधी ते थांबवायला शिकावं, आणि घरातल्या प्रत्येकाने शिकावं.

मराठी शिकवणारी बाई आता यंत्रांवर लिहायला लागली का, असं कोणी विचारेल. विचारा! माझा मुलगा बफेलोला राहतो आणि गेले दोन हिवाळे मी तिथे काढले. हे शहर ईरी सरोवराच्या काठावर आहे. सरोवराचं पाणी अजून गोठलेलं नसतं, त्यावरून थंडगार वारा वाहत येतो, वाफ उचलतो आणि काठावर बर्फ म्हणून ओततो. नोव्हेंबर २०२२ मध्ये बफेलोजवळच्या ऑर्चर्ड पार्कला एका वादळात ८० इंचांच्या आसपास बर्फ पडला होता. म्हणजे उभा माणूस बुडेल इतका. पुढच्याच महिन्यातल्या हिमवादळात त्या भागात चाळीसहून अधिक माणसं गेली. त्यात बर्फ उपसताना हृदय बंद पडून गेलेलीही होती.

हे एवढ्यासाठी सांगितलं की "कशाला ती यंत्रं, खोऱ्याने काढावा की बर्फ" असं म्हणणारे आमच्यात पुष्कळ आहेत. ओला बर्फ भयंकर जड असतो. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसलेल्या, वर हे खोरं उचलणं. पन्नाशीनंतर ते अजिबात साधं काम नाही. कंत्राटी गाडीवाला मिळतो, पण तो त्याच्या वेळेला येतो. आमच्या सूनबाईला सकाळी साडेसहाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पोचायचं असतं. मुलगा महिन्यातले दहा-बारा दिवस फिरतीवर. तेव्हा पहाटे पाचला, अंधारात, डोक्याला दिवा बांधून यंत्र चालवणार कोण? तीच. त्यामुळे मी यंत्राच्या विरोधात नाही. मला काळजी आहे ती तिच्या हातांची.

आता यंत्र कसं असतं ते सांगते. छोट्या यंत्रात रबराची पाती असतात, ती जमीन घासत बर्फ गोळा करतात आणि तीच फेकतात. मोठ्या यंत्रात दोन टप्पे असतात. पुढे मळसूत्रासारखी वळलेली लोखंडी पाती, ती बर्फ कापून मधे आणतात. तिच्या मागे दडलेला एक पंखा मिनिटाला हजारभर फेरे घेत तो बर्फ वरच्या वाकड्या नळीतून दूर भिरकावतो. पुढची पाती सावकाश फिरताना डोळ्यांना दिसतात, म्हणून माणूस त्यांना भितो. पंखा आत लपलेला असतो. बोटं जातात ती बहुतेक त्याच्यापाशी.

होतं काय, की तापमान शून्याच्या आसपास असलं की बर्फ चिकट होतो, भिजवलेल्या कणकेसारखा. नळी तुंबते. पाती थांबलेली दिसतात. हात गारठलेले, कामाची घाई. माणूस म्हणतो, एवढा गोळा जरा बोटाने ढकलला की झालं. इंजिन चालू असेल तर काय होईल ते सांगायला नको. पण इंजिन बंद केलं तरी धोका संपत नाही, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. बर्फात अडकलेल्या पंख्यावर आणि पट्ट्यावर ताण राहिलेला असू शकतो. गोळा निघाला की तो ताण सुटतो आणि पातं एक झटका मारतं. अर्धा फेरा, पाव फेरा. बोटाला तेवढा पुरतो. अमेरिकेतले हाताचे शल्यविशारद दर हिवाळ्यात हाच इशारा पुन्हा पुन्हा देतात, आणि तरी दर हिवाळ्यात माणसं चिंध्या झालेला हातमोजा घेऊन दवाखान्यात येतातच.

मुलाच्या ओळखीतले एक गृहस्थ आहेत, इंजिनिअर. त्यांची दोन बोटं पेरापासून गेली. चांगला शिकलेला, यंत्रांतच आयुष्य घालवलेला माणूस. ते मला म्हणाले, "काकू, मला सगळं माहीत होतं हो." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. माहिती होती, सवय नव्हती. वर्गात तीस-बत्तीस वर्षं उभी राहिल्यावर हा फरक मला चांगला ठाऊक आहे. ऱ्हस्व-दीर्घाचा नियम घडाघडा म्हणून दाखवणारा मुलगा निबंधात तीच चूक करतो, कारण लिहिताना तो नियम आठवत बसत नाही. हात आपला चालत असतो. म्हणून हाताला सवय लावावी लागते.

आमच्या घरी सूनबाईने आणि मी मिळून ती सवय ठरवली. नळी तुंबली की दांडा सोडायचा, इंजिन बंद करायचं, किल्ली काढून खिशात टाकायची. सगळं फिरणं थांबेपर्यंत उभं राहायचं आणि त्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजायचे. मग यंत्रालाच अडकवलेली प्लॅस्टिकची काठी घ्यायची आणि तिने बर्फ ढकलायचा. काठी हरवली असेल तर झाडूचा दांडा. हात कधीच नाही. यंत्र बंद असलं तरी नाही, आणि एवढासाच गोळा असला तरी नाही. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्राची तर बॅटरीच काढून ठेवावी, कारण ते थांबलंय की नुसतं गप्प आहे हे कानाला कळत नाही.

तुंबूच नये म्हणूनही काही करता येतं. इंजिन पूर्ण वेगात ठेवून यंत्र मात्र हळू पुढे न्यावं. जड बर्फात पूर्ण रुंदीचा घास न घेता अर्धाच घ्यावा. रस्ता साफ करणारी सरकारी गाडी आपल्या दारात जो कडक ढिगारा लावून जाते तिथे तर घासभरच. नळीच्या आतून सिलिकॉनचा फवारा मारला की बर्फ चिकटत नाही. आणि बर्फ पडायच्या आधी अंगण बघून घ्यावं. पायपुसणं, पाण्याचा पाइप, मुलांची खेळणी, पिशवीत गुंडाळलेलं वर्तमानपत्र, सगळं बर्फाखाली जातं आणि मग पात्यात अडकतं.

आता एका गोष्टीवरून मायलेकांची जुंपली ती सांगते. आमचं यंत्र जुनं, कोणाकडून तरी घेतलेलं. त्याच्या मुठीखाली दोन दांडे आहेत, एक चाकांचा, एक पात्यांचा. दाबून धरले तर यंत्र चालतं, सोडले की थांबतं. आधीच्या मालकाने पात्यांचा दांडा दोरीने मुठीला बांधून टाकला होता! मुलाला वाटलं, बरं आहे, हात दुखत नाहीत. मी म्हटलं, अरे, चालवणारा घसरून पडला तर यंत्राने थांबावं म्हणून तो दांडा आहे. तो बांधणं म्हणजे बैलाचा कासरा सोडून गाडीत झोपणं. दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी सूनबाईने कात्री आणली आणि दोरी कापली. चालवणार ती, तेव्हा निर्णयही तिचाच हवा होता.

यावर मुलाचं म्हणणं असं, की नव्या यंत्रांत सुरक्षेच्या इतक्या सोयी असतात, त्यांचे मापदंड ठरलेले आहेत, एवढी भीती कशाला? सोयी आहेत हे खरं. पण त्या सोयी कोणीतरी बांधतो, काढतो, बदलतो. दुसरं उदाहरण शिअर पिनचं. पात्यांच्या दांड्यात एक मऊ धातूची खीळ असते. पात्यात दगड अडकला की ती तुटते आणि आतलं गिअर वाचतं. खीळ चार पैशांची, गिअर महागाचं. लोक काय करतात, ती सारखी तुटते म्हणून तिथे कडक बोल्ट ठोकतात. मग खिळीऐवजी यंत्र मोडतं. दोन सुट्या खिळा घरात ठेवाव्यात हे त्यापेक्षा सोपं नाही का?

हे सगळं मला इतकं जवळचं का वाटतं, त्याला कारण आहे. आमच्या शाळेत येणाऱ्या पालकांमध्ये कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात हात गेलेले बाप मी पाहिले आहेत. डाव्या हाताने प्रगतिपुस्तकावर सही करणारे. मळणी यंत्रांच्या अपघातांची आपल्या देशातही दखल घ्यावी लागली आणि १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांविषयी केंद्राने कायदा केला. गंमत म्हणजे, कॅनडात क्यूबेकच्या आर्थर सिकार्ड यांनी १९२५ मध्ये पहिलं स्नो-ब्लोअर बनवलं, तेही म्हणे मळणी यंत्र पाहून सुचलं. आतली युक्ती एकच आहे: ओढून घ्यायचं आणि भिरकावून द्यायचं. त्याला कणीस काय, बर्फ काय आणि बोट काय, सारखंच.

कपड्यांचंही तसंच. यंत्रापाशी मफलरची टोकं लोंबती नकोत, ओढणी नको, आणि माझ्यासारख्या पदरवालीने जवळ फिरकूच नये. नळीचं तोंड माणसं, गाड्या, काचा यांच्याकडे नको, कारण बर्फाबरोबर खडाही उडतो. तेरा वर्षांच्या नातवाला फार हौस आहे. त्याला मी सांगितलंय, आधी इंजिन बंद असताना काठीने नळी साफ करून दाखव, चालवायचं मोठा झालास की बघू. तोवर यंत्र चालू असताना तो घरात.

गॅरेजचंही सांगितलं पाहिजे. थंडीत बाहेर नको म्हणून गॅरेजमध्येच इंजिन चालू करून ठेवण्याची अनेकांना सवय असते. पेट्रोलच्या इंजिनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. दार उघडं असलं तरी तो गॅरेजमधून घरात शिरू शकतो. यंत्र बाहेर ढकलावं आणि मगच सुरू करावं. पेट्रोलही बाहेरच भरावं, इंजिन गार झाल्यावर. काही यंत्रांना सुरू करायला विजेची वायर लागते. यंत्र चालू झालं की आधी भिंतीतून आणि मग यंत्रातून ती काढून दूर ठेवावी, पात्यात गुंतायला नको.

देखभालीचं फार अवघड नाही. दर वेळी तेल बघावं आणि हंगामाला एकदा बदलावं. काम झालं की यंत्र एक-दोन मिनिटं तसंच चालू ठेवावं, म्हणजे आतला उरलेला बर्फ उडून जातो, गोठून बसत नाही. खडीच्या अंगणात खालचे सरकते पाय खाली सरकवून यंत्राचं तोंड जमिनीपासून उचलून घ्यावं. हिवाळा संपला की टाकीतलं पेट्रोल संपवून टाकावं किंवा ते टिकवणारं औषध त्यात घालावं, नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो आणि पहिल्या बर्फाला यंत्र रुसतं. रुसलेल्या यंत्राशी पहाटे पाचला झटणारा माणूस चिडलेला असतो, आणि चिडलेला माणूस दहा आकडे मोजत नाही. म्हणून देखभाल हीसुद्धा हात वाचवण्याचीच गोष्ट आहे असं मी मानते.

असो. बरंच लांबलं. आपण मुलांना फोनवर रोज विचारतो, जेवलास का, थंडी आहे का, स्वेटर घातलास का. माझी सूचना एवढीच, की बर्फाळ गावात राहणाऱ्या मुलाला-मुलीला, सुनेला-जावयाला या आठवड्यात आणखी एक प्रश्न विचारा: यंत्राची ती काठी कुठे आहे? उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला तर समजा की शोधायला हवी. आणि तुमच्यापैकी कोणी स्वतः हे यंत्र चालवत असाल तर तुमच्या घरातली पद्धत काय आहे ते जरूर लिहा. सूनबाईला वाचून दाखवीन.