नाकाचे दुसरे ऑपरेशन : घाई नको



नाकाचे ऑपरेशन बिघडले की घरचे लोक मुलीच्या लग्नाच्या काळजीने व्याजाने पैसे काढून लगेच दुसऱ्या ऑपरेशनला धावतात. थांबा.

१७९२ च्या लढाईत इंग्रज फौजेचा मराठा गाडीवान कावसजी टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक व एक हात कापला गेला. वर्षभराने पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या जातीतील एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले. १७९४ साली लंडनच्या मासिकाने ही हकिगत छापली. विद्या ही कुणा एका वर्णाची मिरासदारी नव्हती! त्या रीतीतही कातडी धरेपर्यंत पंचवीसेक दिवस थांबत, मगच पुन्हा काप देऊन नाक सुधारीत.

आज दुसऱ्या ऑपरेशनसाठी साधारण वर्षभर थांबतात. आतली सूज उतरून व्रण मऊ व्हावा लागतो. नाकातले मऊ हाड कमी पडले तर कानाचे किंवा बरगडीचे घेतात. साताऱ्याच्या किंवा सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पहिल्या ऑपरेशनचे कागद मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. पू, ताप किंवा रक्त येत असेल तर मात्र त्याच दिवशी जा.

मुलीला श्वास नीट घेता येतो का, हे आधी पाहा. स्थळे मागाहून!