न लढलेला तट

गडकोटांच्या मुलखात वाढलेल्या मराठी माणसाला बेरिकचा तट प्रथमदर्शनी फारसा भावणार नाही. इंग्लंडच्या उत्तर टोकाला, ट्वीड नदीच्या मुखाशी वसलेले हे गाव. स्कॉटलंडची सीमा इथून जेमतेम चार किलोमीटरवर. तट मात्र ठेंगणा, रुंद आणि माथ्यावर हिरवळ ल्यालेला.

हा ठेंगणेपणा हेतुपुरस्सर आहे. तोफा आल्या तशी उंच भिंत हे सोपे निशाण ठरू लागले. म्हणून इथे दर्शनी बाजूला दगड आणि मागे मातीचा जाड भराव घातला. गोळा आला तर मातीत रुतून बसावा. बाणाच्या टोकासारखे बुरूज पुढे काढले, म्हणजे तटाला भिडलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता येई. ही विद्या इटलीची.

एवढ्या बंदोबस्ताला कारणही तसेच होते. हे गाव इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात तेरा वेळा हस्तांतरित झाले, असे सांगतात. १२९६ साली पहिल्या एडवर्डने ते लुटले, हजारोंची कत्तल केली. १४८२ पासून ते इंग्रजांकडेच राहिले, पण धास्ती गेली नाही. १५५८ च्या जानेवारीत फ्रान्समधले कॅले हातचे गेले आणि त्याच वर्षी बेरिकच्या नव्या तटाचे काम सुरू झाले. सव्वा लाख पौंडांहून अधिक खर्च झाला. एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीतले हे सर्वांत खर्चिक बांधकाम मानतात. आणि या तटावर एकदाही हल्ला झाला नाही!

उभी हयात बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात गेलेल्या माझ्यासारख्याला प्रश्न पडतो, ही रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची? बुडीत म्हणावे, तर आग लागली नाही म्हणून विम्याचा हप्ता कुणी वाया गेला म्हणत नाही. पण शांतता आली ती तटामुळेच, असेही म्हणवत नाही. एलिझाबेथ निपुत्रिक वारली आणि १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. दगडमातीने जे साधले नाही, ते नात्याने साधले.

सीमेची किंमत मात्र गावाने मोजली. बेरिकशायर हा त्याच्याच नावाचा परगणा आज स्कॉटलंडात आहे आणि गाव इंग्लंडात. जिथे १२९२ साली स्कॉटलंडचा राजा कोण याचा निवाडा झाला, त्या किल्ल्याच्या जागी आता रेल्वेचे फलाट आहेत.

‘काऊ पोर्ट’ ही एलिझाबेथकालीन मूळ वेस तेवढी टिकून आहे. नावच गुरांचे, या वेशीतून ती कुरणाकडे जात. आज तटाच्या माथ्यावरून दोनेक किलोमीटरची फेरी मारता येते. गावचा फुटबॉल संघ स्कॉटलंडच्या स्पर्धांत खेळतो. सामन्याला तो सीमा ओलांडून जातो, तेव्हा त्याला कुणी अडवत नाही. सीमा नकाशावर अजून आहे. तिला पहाऱ्याची गरज उरलेली नाही.