बाटलीतल्या पेशी आणि घरातला रुग्ण

मागच्या महिन्यात दापोलीहून एका वाचक भगिनींचा फोन आला. त्यांच्या भाच्याला रक्ताचा कॅन्सर आहे, मुंबईत केमो सुरू आहे. दोन फेऱ्या झाल्या. केस गेले, तोंड आले, जेवण जात नाही. त्यातच मोबाइलवर संदेश आला की कोकमाने ब्लड कॅन्सरच्या पेशी मरतात, प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. ‘‘परसात रातांब्याची झाडं आहेत. मोठे भाई म्हणतात, पोराचे हाल पुरे झाले, केमो थांबवू या. तुम्ही काय सांगता?’’

हा संदेश निव्वळ थाप असता तर उत्तर सोपे होते. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कोकमाच्या सालीतील गार्सिनॉल या द्रव्याने ल्युकेमियाच्या पेशी मेल्याची नोंद खरोखर आहे. कलौंजीतील थायमोक्विनोनवरही असे प्रयोग झाले आहेत. प्रश्न एवढाच की या पेशी कोणाच्या?

त्या ‘एचएल-६०’ नावाच्या पेशी. अमेरिकेतील एका ३६ वर्षांच्या रुग्ण स्त्रीच्या रक्तातून त्या घेतल्या आणि १९७७ साली त्यांची माहिती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून त्या जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. अशा न संपणाऱ्या पेशींना ‘सेल लाइन’ म्हणतात. आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था संशोधकांना सेल लाइन पुरवते.

बहुतेक रुग्णांच्या पेशी शरीराबाहेर काही दिवसांतच मरतात. ज्या तगल्या त्यांचीच सेल लाइन झाली, म्हणजे मुळातच त्या वेगळ्या. बिघडलेल्या पेशीला आवरणारे पी-५३ नावाचे जनुक एचएल-६० मध्ये जवळपास नाहीच. या प्रकारच्या बहुतेक रुग्णांत ते शाबूत असते. शिवाय बाटलीत एकाच घराण्याच्या पेशी असतात. रुग्णाच्या अस्थिमज्जेत मात्र अनेक घराणी एकत्र नांदतात. एक औषधाने मरते, दुसरे मज्जेच्या आडोशाला दडून राहते आणि आजार उलटतो. बाटलीत द्रव्य थेट पेशींवर ओततात. आपण प्यालेले आगळ पोटात पचते, त्यातले रक्तात किती उतरणार?

मग या पेशी निरुपयोगी का? मुळीच नाही. ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनणाऱ्या एका औषधाने एचएल-६० पेशी निवळून शहाण्या होतात, हे १९८० साली दिसले. पुढे शांघायचे डॉ. वांग झेनयी यांनी ते रुग्णांना दिले आणि १९८८ साली २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. जवळपास सर्वांचा आजार आटोक्यात आला. मात्र हे सारे रुग्ण ल्युकेमियाच्या एकाच प्रकारचे, प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाचे होते. इतर प्रकारांत हे औषध तसे चालले नाही. गंमत अशी की त्या प्रकाराची ओळख असलेला गुणसूत्रांचा बदल खुद्द एचएल-६० मध्ये नाही! म्हणजे औषधाची दिशा बाटलीने दाखवली, पण ते कोणाला लागू पडते हे रुग्णांनीच सांगितले. बाटलीपासून रुग्णापर्यंतचा हा टप्पा गार्सिनॉलने अजून ओलांडलेला नाही.

भगिनींना आम्ही एवढेच सांगितले: केमो थांबवू नका. भाच्याचा ल्युकेमिया नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या. तोंड आले आहे, जेवण जात नाही, हेही त्यांना सांगा. त्यावर इलाज असतो. काढा, अर्क, कलौंजीचे तेल यांपैकी काहीही त्यांना न विचारता देऊ नका. केमोत रक्तातल्या पेशी घटतात, तेव्हा घरची सोलकढीसुद्धा विचारूनच द्या. आणि असा संदेश पुन्हा आला की पहिला प्रश्न विचारा: हे बाटलीत झाले, उंदरात झाले की माणसांत?

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’सारखी कोकमाची जात दिली, त्याचा आम्हाला अभिमानच आहे. आमसूल आमटीत जरूर घाला. दुआ तर आपण सगळे करूच. पण दवा चुकवू नका.

परवा त्यांचा पुन्हा फोन आला. तिसऱ्या फेरीसाठी मोठे भाई स्वतःच भाच्याला घेऊन मुंबईला गेले आहेत.