केमोआधी सराव हवा, तोही पुतळ्यावर

२०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ३ वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोग डे-केअर केंद्रांची घोषणा झाली. ती प्रत्यक्षात आली, तर धामणगाव बढेच्या रुग्णाला केमो बुलडाण्यातच घेता येईल. पण सलाइन लावणार परिचारिकाच.

डॉक्सोरुबिसिनसारखे औषध शिरेबाहेर झिरपले, तर आजूबाजूचे मांस जळते. अशा वेळी औषध लगेच थांबवायचे; सुई मात्र तशीच ठेवून तिच्यातून औषध ओढून घ्यायचे. घाबरलेला हात आधी सुईच काढतो. हे वाचून कळते, पण अंगवळणी पडते सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कृत्रिम हातावरच्या सरावाने. तिथे चुकले, तरी रुग्णाला इजा नाही.

म्हणूनच खाटांइतकीच सेवेतील परिचारिकांच्या सरावाचीही तरतूद हवी. तीही ड्युटीच्या वेळेत आणि ठरावीक काळाने पुन्हा.