खलनायक खाणीतच बसलाय, मग त्याला नकाशा कशाला?



गोष्ट सांगताना एखादं मूल मधेच विचारतं, "पण मग त्याने असं का केलं?" आपल्याकडे उत्तर तयार असतं, "अरे, गोष्ट आहे ती, गोष्टीत असंच असतं." मला हे उत्तर अजिबात पटत नाही. का पटत नाही, हे पाठ्यपुस्तकातल्या धड्यापेक्षा एका खेळाच्या पुस्तकावरून जास्त नीट सांगता येईल.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे नाव काही पालकांनी मुलांच्या तोंडून ऐकलं असेल. हा मोबाइलवरचा गेम नव्हे. 1974 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणलेला हा टेबलाभोवती बसून बोलत बोलत खेळायचा खेळ आहे. प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं. एक जण खेळ चालवतो, बाकीची सगळी पात्रं, राक्षस, गावकरी, पाऊसपाणी त्याच्याकडे. एखादी गोष्ट जमली की फसली ते वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. गोष्ट स्वतः रचता येते, नाहीतर छापील मोहीम विकत मिळते. 2014 च्या स्टार्टर सेटमध्ये तयार पाच पात्रं, फासे आणि 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' नावाची 64 पानांची मोहीम होती. सुट्टीत मी ती पाचवी ते सातवीच्या पाच मुलांबरोबर खेळते. पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठीत.

गोष्ट थोडक्यात अशी. गुंड्रेन रॉकसीकर नावाच्या ड्वार्फला आणि त्याच्या दोन भावांना शेकडो वर्षं हरवलेली एक खाण सापडते. खाणीत एक जादूची भट्टी आहे. 'ब्लॅक स्पायडर' या खलनायकाला ती हवी आहे. तो गॉब्लिनांकरवी वाटेत गुंड्रेनला पळवतो आणि त्याच्याकडचा नकाशाही हिसकावून घेतो. आपली पात्रं गुंड्रेनला शोधत फँडालिन गावात येतात, तिथल्या गुंडांशी लढतात, गॉब्लिनांच्या किल्ल्यात जातात आणि शेवटी खाणीत उतरतात. तिथे ब्लॅक स्पायडर आधीच बसलेला असतो.

इथेच फट आहे. गुंडांच्या म्होरक्याला त्याने पाठवलेलं पत्र मुलांच्या हाती लागतं. ड्वार्फांचे नकाशे मिळाले तर ताबडतोब माझ्याकडे पोचवा, असा त्यात हुकूम. अहो, पण खाण सापडलेली आहे, तुम्ही आत मुक्काम ठोकून आहात, मग नकाशा घेऊन करणार काय? मोहिमेतलं अर्ध्याहून जास्त धावपळीचं काम या नकाशासाठी आणि गुंड्रेनसाठी चाललेलं असतं. म्हणजे फट कोपऱ्यातली नाही, पायातली आहे.

खेळ चालवणारे बरेच जण ही फट आपापल्या परीने बुजवतात. एक मार्ग म्हणजे ब्लॅक स्पायडरला खाण अजून सापडलेलीच नाही असं ठरवणं. ऐकायला सोपं वाटतं, पण मग शेवटची लढाई, खाणीतली त्याची माणसं, तिथे कैदेत असलेला गुंड्रेनचा भाऊ नुंड्रो, सगळंच उचलून दुसरीकडे मांडावं लागतं. एक ठिगळ लावायला चार टाके उसवायचे. दुसरा मार्ग मला जास्त पसंत आहे. घटना हलवायची नाही, कारण बदलायचं. नकाशा खाणीपर्यंतचा नाहीच, तो खाणीच्या आतला आहे, भट्टीपर्यंतचा. एवढं एक वाक्य बदललं की पत्र बरोबर ठरतं, गुंड्रेनला जिवंत ठेवणं बरोबर ठरतं, आणि इतके दिवस खाणीत असूनही खलनायक भट्टीपर्यंत का पोचला नाही तेही कळतं. पुस्तकातलं एकही पान फाडावं लागत नाही.

मी हे आधीच ठरवून बसले होते. मुलांनी पुढची फट काढली. सहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, नुंड्रो तर त्याच्याच ताब्यात आहे. मग त्यालाच का नाही विचारलं आतला रस्ता?" प्रश्न बिनतोड होता. "गोष्टीत असंच असतं" म्हणायला इथे जागा होती. मी खेळ थांबवला आणि म्हटलं, तुम्हीच सांगा, का नसेल विचारलं? नुंड्रोला मारहाणीने विसर पडला असेल, त्याने मुद्दाम खोटं सांगितलं असेल, असं बरंच आलं. मग एक मुलगा शांतपणे म्हणाला, "गुंड्रेनने भावांना सांगितलंच नसेल. भावाभावांत वाटणी व्हायची आहे ना, मग सगळं कोण सांगतं?" घरात जमिनीच्या वाटणीची बोलणी ऐकलेल्या मुलाचं उत्तर आहे हे. खेळात आम्ही तेच खरं धरलं. त्यामुळे शेवटी नुंड्रोची सुटका झाली तेव्हा दोन भावांमध्ये चांगलीच जुंपली, आणि ती पुस्तकात कुठेही नाही.

आता पाचवी-सहावीच्या वह्यांमधलं 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' आठवा. राजा, जंगल, म्हातारी, थैली. मुलं मुद्द्यांना 'मग' लावत जातात. मग राजा जंगलात गेला, मग म्हातारी भेटली, मग थैली दिली. आपण शुद्धलेखन तपासतो आणि बरोबरची खूण करतो. म्हातारीने थैली त्यालाच का दिली, हे ना मूल विचारतं ना आपण. 'मग'च्या जागी 'म्हणून' यायचं तर कोणीतरी "का" विचारायला हवं, आणि ते विचारणाऱ्याला वर्गात आपण फाटे फोडणारा म्हणतो.

छापलेल्या पुस्तकातल्या चुका मुलांना दाखवल्या तर पुस्तकाबद्दलचा आदर जातो, असं काही सहकारी म्हणतात. माझ्या टेबलावर उलटं दिसतं. फट सापडल्यापासून मुलं ते पत्र पुन्हा पुन्हा वाचायला मागतात, शब्द तपासतात. शिवाय पुस्तकाचं चांगलंही त्यांच्या लक्षात येतं. गॉब्लिनांच्या किल्ल्याची जागा इथे एकाच माणसाला माहीत नसते. पकडलेला गॉब्लिन सांगू शकतो, थंडरट्रीच्या ओसाड गावातला ड्रुइडही सांगू शकतो. एक धागा हुकला तर दुसरा असतो. जस्टिन अलेक्झांडर या खेळलेखकाचा तर नियमच आहे की खेळणाऱ्यांना जे कळायलाच हवं त्याच्यासाठी किमान तीन धागे ठेवा. प्रश्नपत्रिका काढताना मलाही हा नियम उपयोगी वाटतो, पण तो विषय वेगळा.

मात्र सगळ्याच फटी मुलांपुढे टाकू नयेत असं माझं मत आहे. खलनायकाला काय हवंय आणि त्याला काय माहीत आहे, हे चालवणाऱ्याने आधी ठरवायचं. नाहीतर प्रत्येक प्रसंगात तो वेगळाच वागतो आणि मुलांना ते लगेच कळतं. वेळेचंही तसंच. छापील मोहिमेत ब्लॅक स्पायडरचा हस्तक किल्ल्यात नेमका आपण पोचतो त्याच दिवशी भेटतो, मग आपण चार दिवसांनी जा नाहीतर चौदा. मी एका फुलस्केपवर तारखा आखल्या आहेत. दहाव्या दिवसापर्यंत मुलं किल्ल्यात पोचली नाहीत तर गुंड्रेनला खाणीकडे नेतात. किल्ल्यात मग फक्त त्याचा एक बूट आणि गाडीच्या चाकोऱ्या सापडतात. मुलांना तो कागद दिसत नाही, पण गावात उगाच वेळ काढला की दिवस मोजायला आता तीच सुरुवात करतात.

गावातल्या गुंडांचा म्होरक्या ग्लासस्टाफ म्हणजे दोनेक महिन्यांपूर्वी तिथे येऊन गायब झालेला जादूगार यार्नोच आहे, हे इतक्या लहान गावात कोणालाच कसं कळलं नाही, ही फट मी मुद्दाम तशीच सोडली आहे. सुट्टीत तुम्हीही हे पुस्तक घेऊन बसणार असाल तर आधी नकाशाचं आणि तारखांचं तेवढं ठरवून घ्या. यार्नोचं मुलं विचारतील तेव्हा बघू.